मानेखालचा कलावंत

"चेहरे? अहो, चेहऱ्यांचं काय घेऊन बसलात अरविंदराव! हीरोचा चेहरा म्हणजे माझ्या हातचा मळ. शुक्रवारी दुपारी बॅनर तुमच्या थिएटरवर टांगलेला बघा!"

एलिशा घोसाळकर एवढं बोलला आणि त्याने नारळाच्या दुधातल्या हलव्याची आणखी एक वडी तोंडात टाकली. वडी छान जमली होती. बोलणं मात्र अंगाशी येणार होतं, आणि ते त्याला वडी गिळायच्या आतच कळलं होतं. पण चार माणसं बसलेली असली आणि बायको शेजारून कौतुकाने बघत असली की जीभ मालकाचं ऐकत नाही.

अरविंद सबनीस हा आठवडाभर टोरांटोत टेलिफोनच्या तारा डिझाइन करायचा आणि रविवारी हिंदी सिनेमे दाखवायचा. शहराच्या पूर्व भागातलं एक जुनं थिएटर त्याने रविवारपुरतं भाड्याने घेतलं होतं. टोरांटोत बाहत्तर सालापासून आपली माणसं भराभर वाढत होती, पण थिएटर काही भरत नव्हतं. कारण तिथे हिंदी सिनेमा लागतो हे बाहेरून कुणालाच कळायचं नाही.

"मुंबईसारखा मोठा, हाताने रंगवलेला बॅनर पाहिजे," अरविंद म्हणाला. "लांबून हीरो दिसला पाहिजे. माणूस बसमधून उतरून आत आला पाहिजे!"

"मग आमच्या ह्यांना सांगा ना!" क्वीनी म्हणाली. "मुंबईत सगळे मोठमोठे चेहरे ह्यांनीच रंगवलेत. माझ्या डोळ्यांची गोष्ट नाही का सांगितली तुम्हाला?"

ती गोष्ट टोरांटोतल्या प्रत्येक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घराने ऐकलेली होती. आता अरविंदने ऐकली. भायखळ्याला क्वीनीच्या माहेरासमोर एक थिएटर होतं. तिच्या लग्नाआधी त्यावर एक बॅनर चढला. नायिकेचा एकेक डोळा सुपाएवढा. आणि अख्ख्या गल्लीने एका सुरात सांगितलं, अरे, हे तर आपल्या क्वीनीचे डोळे! त्याच दिवसांत तिला दोन स्थळं आली होती. एक रेल्वेतलं, क्वार्टर्ससकट. दुसरा एलिशा, बॅनरच्या कारखान्यात कामाला. पोहे खाता खाता तो खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "तो बॅनर आमचा. डोळे तुमच्यावरूनच घेतलेत." रेल्वे क्वार्टर्ससकट परत गेली.

आता खरी गोष्ट. ती फक्त एलिशाला ठाऊक होती.

बॅनरच्या कारखान्यात एक माणूस सगळं रंगवत नाही. एक पार्श्वभूमी मारतो, एक अक्षरं काढतो, आणि चेहरे फक्त उस्ताद काढतो. एलिशाच्या कारखान्यात उस्ताद होते कासमभाई. एलिशा मानेखालचा माणूस होता. त्याने रंगवलेल्या साडीच्या निऱ्या मोजून घ्याव्यात. त्याच्या कोटाच्या बटणाला बोट लावलं तर ते उघडेल असं वाटायचं. घोडे, मोटारसायकली, पिस्तुलं, फाटलेल्या शर्टातून दिसणारी छाती, सगळं त्याचं. पण ब्रश गळ्यापाशी आला की तो खाली ठेवायचा आणि हात धुवायचा. संध्याकाळी कासमभाई बाहेरून चहा पिऊन यायचे आणि उरलेल्या सगळ्या मानांवर डोकी बसवून टाकायचे.

म्हणजे त्या नायिकेची साडी एलिशाची होती. डोळे कासमभाईंचे होते. आणि घोसाळकरांचा संसार साडीवर नाही, डोळ्यांवर उभा होता!

सोमवारी एलिशा खोक्यांच्या फॅक्टरीतून येताना हार्डवेअरच्या दुकानातून जाडं कापड आणि रंगाचे डबे घेऊन आला. बेसमेंटमध्ये कापड भिंतीभर ताणून ठोकलं. अरविंदने सिनेमाच्या फोटोंचं पाकीट दिलं होतं. सिनेमाचं नाव 'सफेद घाटी के लुटेरे'. सगळा मामला बर्फातला, म्हणजे नायक बर्फात पातळ शर्ट घालून उभा आणि नायिका बर्फात शिफॉनच्या साडीत.

सुरुवात झकास झाली. एलिशाने बूट काढले. असे बूट की त्यांच्या आवाजाने वरच्या मजल्यावर जाग यावी. मग पट्टा, बंदूक, हातमोजे. इतक्या वर्षांनी हातात ब्रश आला होता आणि हात काही विसरला नव्हता. फॅक्टरीत दिवसभर खोकी चिकटवणारा माणूस बेसमेंटमध्ये शीळ घालायला लागला. क्वीनी चहा घेऊन खाली आली आणि बघतच राहिली.

"वा! आणि डोळे कधी?"

"चेहरा शेवटी असतो," एलिशा म्हणाला. हे अगदी खरं होतं.

बुधवारी चेहऱ्याची वेळ आली. एलिशाने फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखल्या, कापडावर मोठ्या चौकटी आखल्या, आणि कासमभाई करायचे तसं एकेक चौकट उतरवत गेला. प्रत्येक चौकट वेगवेगळी पाहिली तर बरी होती. सगळ्या मिळून पाहिल्या तर नायकाला गालगुंड झालं होतं. त्याने टर्पेंटाइनने चेहरा पुसला आणि पुन्हा काढला. या वेळी गालगुंड दुसऱ्या बाजूला गेलं.

मुलगी दीना जिन्यात येऊन नाक धरून उभी राहिली. ती आठवीत होती, मराठी फक्त ऐकायची आणि बोलायची इंग्रजीत. "बाबा, द होल हाउस स्टिंक्स! अँड हू इज दॅट? इज ही सिक?"

"हीरो आहे तो!"

"ही नीड्स अ डॉक्टर," दीना म्हणाली आणि वर गेली.

एलिशाने नायिकेचा चेहरा करून पाहिला. ती थेट त्याच्या सासूबाईंसारखी दिसायला लागली, त्याही रागावलेल्या. तो दचकला आणि त्याने तो चेहरा ताबडतोब पुसून टाकला.

गुरुवारी सकाळी फॅक्टरीला जाताना तो बसस्टॉपवर उभा होता. फेब्रुवारीचा महिना, वारा नाक कापून नेत होता. आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला! स्टॉपवर उभ्या असलेल्या कुणालाच चेहरा नव्हता. टोपी कानापर्यंत, मफलर नाकापर्यंत. उरले डोळे. आणि समोरून बर्फ काढायच्या गाडीवरचा माणूस गेला, त्याने डोळ्यांना मोठा गॉगल लावला होता. एलिशाला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी त्याने नायकाला जाड लाल पार्का, म्हणजे इथला बर्फातला कोट घातला, मफलर गुंडाळला, लोकरीची टोपी ओढली आणि वर काळाभोर गॉगल चढवला. खलनायकाला डोकंभर माकडटोपी. नायिकेचा प्रश्न जरा नाजूक होता. तिला त्याने केसाळ हुडचा कोट घातला आणि पाठमोरी उभी केली.

क्वीनी खाली आली. बराच वेळ ती बॅनरसमोर उभी राहिली.

"ही पाठमोरी का?"

"सस्पेन्स!"

"आणि ह्याला गॉगल?"

"अगं, कॅनडात बर्फ म्हणजे काय ते लोकांना ठाऊक आहे. शर्टातला हीरो बघून हसतील! इथल्या मातीला धरून काम पाहिजे."

"पण मला वाटलं होतं," क्वीनी हळूच म्हणाली, "या वेळीही माझेच डोळे काढाल."

एलिशाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने निमूटपणे नायकाच्या कोटाला आणखी एक खिसा काढला. इतकी वर्षं निभावलं, आता एका रविवारसाठी कोण कबूल करतो?

दीनाने शाळेच्या स्टेन्सिलने खाली सिनेमाचं नाव मारून दिलं, कारण एलिशाला अक्षरंही येत नव्हती. शुक्रवारी दुपारी अरविंदच्या माणसांनी बॅनर नेऊन थिएटरवर चढवला. अरविंद स्वतः कामानिमित्त रात्रीपर्यंत मॉन्ट्रियलला होता. एलिशा घरी येऊन आंघोळ करून बसला, क्वीनीने शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या, आणि उद्या संध्याकाळपर्यंत जगाचा आपल्याशी काही संबंध नाही म्हणून तो शांत झोपला.

शनिवारी सकाळपासून फोन वाजायला लागला.

शब्बाथला घोसाळकर फोन उचलत नसत. फोन वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. एलिशा पुस्तकात डोकं घालून बसला. शेवटी दीनाने उचललाच. "बाबा, इट्स अरविंद अंकल. ही इज, लाइक, स्क्रीमिंग."

"त्याला सांग, शब्बाथ आहे."

"ही सेज ही इज कमिंग ओव्हर."

अर्ध्या तासात अरविंद दारात हजर. बुटांचं बर्फ न झाडताच आत आला.

"घोसाळकर, काय केलंत हो हे! सकाळपासून थिएटरमध्ये रांग लागलीय!"

"मग बरं झालं की!" क्वीनी म्हणाली.

"कसलं बरं, वहिनी? लोक कोट मागतायत! तिकीट खिडकीतल्या बाईला विचारतात, तो लाल पार्का केवढ्याला? लार्जमध्ये आहे का? एक म्हातारा तर बाईला म्हणाला, आधी मला आत नेऊन घालून तर बघू दे! शेजारी कोटांचं दुकान आहे, त्याचा मालक भांडायला आला, की थिएटरच्या नावाखाली तुम्ही कोट विकता. आणि आपली माणसं? ती बसमधून बघतात आणि पुढे जातात. कुणाला वाटतं स्कीइंगची जाहिरात आहे, कुणाला वाटतं बर्फ काढायची कंपनी. एका पंजाबी गृहस्थाने मला फोन केला, 'सबनीस साब, इस में हीरो कौन है?' मी काय सांगू? गॉगल?"

एलिशाने पुस्तकाचं पान उलटलं.

"एक काम करा," अरविंद काकुळतीला आला. "उद्या शोच्या आधी या. गॉगल काढा आणि डोळे घाला. तुमच्या हातचा मळ आहे ना? झालं तर मग!"

"येतील की!" क्वीनी म्हणाली. "मीही येते. अहो, उद्या माझ्याकडे बघूनच काढा. हवं तितका वेळ उभी राहीन."

एलिशाला त्या रात्री ताप येईल अशी आशा होती. आला नाही.

रविवारी दुपारी थिएटरसमोर बरीच गर्दी जमली होती. काही सिनेमाला आलेले, काही कोटाला आलेले. शेजारच्या दुकानाचा मालक, कोवालचुक नावाचा गलेलठ्ठ गृहस्थ, हाताची घडी घालून दारात उभा होता. बॅनर लांबून पाहिला आणि खरं सांगायचं तर एलिशाला जरासा अभिमानही वाटला. कोट काय उतरले होते!

शिडी लागली. एलिशा टर्पेंटाइनचा बोळा आणि रंगाचे डबे घेऊन वर चढला. थंडीने रंग इतका घट्ट झाला होता की ब्रश डब्यात उभा राहत होता. त्याने नायकाचा गॉगल पुसायला घेतला. गॉगल पसरून नायकाच्या तोंडाला काळं फासल्यासारखं झालं.

"ओ भाईसाब! ये क्या कर रहे हो? हमारा हीरो है!" खालून कुणीतरी ओरडलं.

"आधी नायिका घ्या!" क्वीनीचा आवाज आला.

"ती पाठमोरी आहे!"

"मग वळवा तिला!"

लोक हसले. क्वीनी मात्र हसत नव्हती. तिने कोवालचुकच्या दुकानासमोरचं एक लाकडी खोकं ओढलं, त्यावर उभी राहिली, टोपी काढली, मफलर काढला आणि वर शिडीकडे तोंड करून डोळे मोठे केले. वारा तिच्या तोंडावर येत होता. तिची पापणीसुद्धा हलत नव्हती.

"घ्या! बघा आणि काढा!"

एलिशाने शिडीवरून खाली पाहिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या, नाक लाल झालं होतं, आणि भर रस्त्यात, परक्या माणसांत, ती त्याच्या भरवशावर उभी होती. याहून मोठा भरवसा कुणी कुणावर टाकला नसेल. त्याने ब्रश बुडवला. हात वर नेला. आणि हाताने आपल्या मनाने नायिकेच्या हुडला एक सुरेख शिवण काढली.

"डोळे!" गर्दी ओरडली.

त्याने पुन्हा ब्रश बुडवला. हुडला गुंडी लागली.

"अहो, लवकर करा! पापणी मिटायला लागलीय!"

"मॅडम फ्रीझ हो जायेंगी, भाईसाब!"

एलिशाने ब्रश डब्यात टाकला.

"क्वीनी, टोपी घाल!" तो वरून ओरडला. "मला येत नाहीत!"

"काय येत नाहीत?"

"चेहरे! मी कधीच काढले नाहीत! मी मानेखालचं काढायचो. तो भायखळ्याचा बॅनर... साडी माझी होती. डोळे कासमभाईंचे होते. आता सांगितलं! काय करायचं ते कर!"

ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी लगेच हिंदीत समजावून सांगितलं. अरविंदने कपाळाला हात लावला. क्वीनीने सावकाश टोपी घातली, मफलर गुंडाळला, खोक्यावरून उतरली आणि थिएटरात जाऊन हीटरपाशी बसली. ते बघून गर्दीलाही आपल्याला थंडी वाजतेय हे आठवलं. तिच्या मागोमाग सगळे आत घुसले. एवढा तमाशा बघितल्यावर तिकीट काढायला कुणी कुरकुरलं नाही, आणि सबनीसचं थिएटर पहिल्यांदा भरलं. नायक कोण हे सिनेमा सुरू झाल्यावर त्यांना कळलं, आणि आवडलाही.

एलिशा शिडीवरून उतरला तेव्हा खाली फक्त कोवालचुक उभा होता. आता हा मारणार, असं एलिशाला वाटलं. कोवालचुकने बॅनरकडे बोट दाखवलं. "कोट तू काढलेस? माझ्या खऱ्या कोटांपेक्षा बरे दिसतात. माझ्या दुकानाच्या काचेवर काढशील? दर महिन्याला नवे. डोकी नकोत."

"डोकी नकोत?" एलिशाने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

एरवी तो आनंदाने नाचलाच असता. मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्याचा ब्रश मागत होतं. पण सिनेमा सुटल्यावर क्वीनी बाहेर आली आणि सरळ बसस्टॉपकडे चालू लागली, तेव्हा त्याला कोवालचुकची आठवणही राहिली नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली. तो शेजारी बसला.

"क्वीनी, रागावलीस?"

"विचार करतेय."

"कसला?"

"अख्ख्या गल्लीने सांगितलं होतं, डोळे माझेच आहेत. माझ्या आईनेही ओळखले. म्हणजे ते माझेच होते."

"होते. तुझेच होते!" एलिशा घाईघाईने म्हणाला.

"आणि ते तुम्ही काढले नाहीत."

"नाही."

"मग कासमभाईंनी मला कुठे पाहिलं?"

एलिशाने हा विचार कधीच केला नव्हता. आता केला, आणि बसमध्ये हीटर चालू असूनही त्याला गारठा वाटला. कासमभाई चेहरे काढायच्या आधी रोज चहाला जायचे. कारखान्यासमोर चांगला चहा मिळत असताना पायपीट करत भायखळ्याला जायचे. क्वीनीच्या घराखालच्या इराण्याकडे. हे त्याच्या तोंडून निघूनही गेलं.

"रोज यायचे?" क्वीनीने विचारलं.

"रोज. पण चहा तिथला चांगला होता, क्वीनी!"

"काही चांगला नव्हता. आम्ही घरी कधी आणायचो नाही." क्वीनीने पर्समधून छोटा आरसा काढला आणि त्यात बघत राहिली. रागाचं चिन्ह तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. एलिशाला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. "दिसायला कसे होते हो कासमभाई?"

"म्हणजे... पांढरा शर्ट. पॉपलिनचा. कॉलर आतल्या बाजूने जरा विरलेली. वरचं बटण शिंपल्याचं, बाकीची साधी. डाव्या बाहीला निळा डाग."

"आणि चेहरा?"

एलिशाने डोळे मिटले. खूप प्रयत्न केला. कासमभाईंचे खांदे दिसले, गळपट्टी दिसली, शर्टाची प्रत्येक चुणी दिसली. त्याच्या वर मात्र काहीच नव्हतं.

"ते... नीटसं आठवत नाही गं."

क्वीनीने आरसा मिटून पर्समध्ये ठेवला.

"उद्या भायखळ्याला दादाला पत्र टाकते," ती म्हणाली. "कारखान्यात जाऊन कासमभाईंचा एक फोटो पाठव म्हणावं. मानेच्या वरचा."